जर्मन नागरिकत्वाच्या अर्जाला कायदा कोणत्या तारखेचा लागतो

जर्मनीत नागरिकत्वाचा अर्ज दिला की पोच मिळते आणि तिच्यावर तारीख असते. ती तारीख पाहून बरेच जण निर्धास्त होतात. उद्या कायदा बदलला तरी आपल्याला आजचाच नियम लागणार, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. कार्यालय ज्या दिवशी निर्णय देते त्या दिवशी जो कायदा अमलात असेल तो लागतो. जुन्या अर्जांना संरक्षण द्यायचे असेल तर संसदेला नव्या कायद्यात तशी वेगळी तरतूद करावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी केली जातेच असे नाही. मोठ्या शहरांत अर्ज आणि निर्णय यांच्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. तेवढ्यात सरकार पडते, निवडणूक होते, नवे सरकार येते. माझी फाइल एका सरकारच्या काळात आत गेली आणि दुसऱ्याच्या काळात निकाली निघाली. त्या दरम्यान कलमे वाचून, वकिलांना विचारून आणि पुण्या-मुंबईकडच्या इतरांच्या फाइली लावून देताना जे पक्के कळले ते इथे मांडतो.

नियम किती वेळा आणि कुणामुळे हलले ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. १९९८मध्ये चॅन्सलर (म्हणजे सरकारप्रमुख) श्र्योडर यांचे, डावीकडे झुकलेल्या एसपीडी आणि ग्रीन पक्षांचे सरकार आले. मूळ १९१३चा नागरिकत्व कायदा त्यांनी मोठ्या प्रमाणावर बदलायला घेतला, आणि त्यात दुहेरी नागरिकत्वही द्यायचे होते. फेब्रुवारी १९९९मध्ये हेसेन राज्याची निवडणूक होती. तिथे उजवीकडे झुकलेल्या सीडीयू पक्षाच्या रोलांड कोख यांनी दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध सह्यांची मोहीम काढली आणि निवडणूक जिंकली. त्यामुळे राज्यांच्या सभागृहातले, म्हणजे बुंडेसराटमधले, सरकारचे बहुमत गेले आणि विधेयक तडजोड करून मंजूर करावे लागले. १ जानेवारी २००० पासून वास्तव्याची अट १५ वर्षांवरून ८ वर्षांवर आली आणि जर्मनीत जन्मलेल्या मुलांना जन्मतः नागरिकत्व मिळू लागले, पण मोठे झाल्यावर त्यांनी एक देश निवडायचा अशी मेख राहिली. ही निवडीची सक्ती जर्मनीतच वाढलेल्या मुलांसाठी २०१४च्या डिसेंबरात निघाली. एका राज्याच्या निवडणुकीचा परिणाम मुलांच्या एका पिढीवर सुमारे पंधरा वर्षे राहिला.

दुसरा मोठा बदल एसपीडीचे चॅन्सलर शोल्झ यांच्या तीन पक्षांच्या सरकारने केला. तो कायदा २७ जून २०२४ रोजी लागू झाला. ८ वर्षांची ५ वर्षे झाली. जर्मन सी१ पातळीपर्यंत (भाषेच्या सहा पातळ्यांतली पाचवी) येत असेल आणि नोकरीत, शिक्षणात किंवा समाजकार्यात विशेष काही करून दाखवले असेल, तर ३ वर्षांतही अर्ज करता येऊ लागला. जुने नागरिकत्व सोडण्याची अट गेली. नोव्हेंबर २०२४मध्ये ते सरकार कोसळले. प्रचारात सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडपक्ष सीएसयू यांनी हे बदल मागे घेऊ असे सांगितले होते. २३ फेब्रुवारी २०२५ला निवडणूक झाली, मे महिन्यात सीडीयूचे मेर्त्झ चॅन्सलर झाले, पण त्यांना एसपीडीबरोबर सरकार करावे लागले. त्या वाटाघाटीत ५ वर्षे टिकली, दुहेरी नागरिकत्व टिकले आणि ३ वर्षांची वाट गेली. मे २०२५च्या अखेरीस मंत्रिमंडळाने विधेयक मंजूर केले, ८ ऑक्टोबरला बुंडेस्टागने, म्हणजे संसदेच्या लोकांनी निवडलेल्या सभागृहाने, आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून ते लागू झाले.

या दोन कायद्यांतला एक फरक फार थोड्यांच्या लक्षात आला. २०२४च्या कायद्याने काही अटी कडकही केल्या होत्या, पण मंत्रिमंडळाने ज्या दिवशी मसुदा मंजूर केला त्या २३ ऑगस्ट २०२३ पर्यंतच्या अर्जांना जिथे जुना नियम सोयीचा होता तिथे तो चालू ठेवला. २०२५च्या कायद्यात असे काहीच नव्हते. ३ वर्षांच्या आधारावर भरलेला आणि २९ ऑक्टोबरपर्यंत निकाली न निघालेला प्रत्येक अर्ज दुसऱ्या दिवसापासून ५ वर्षांच्या अटीवर तपासला गेला. अर्जदाराने सगळे वेळेत केले होते, सी१चे प्रमाणपत्र दिले होते, पैसे भरले होते. फाइल कार्यालयात पडून होती एवढेच. हा अन्याय आहे असे मला वाटते, आणि तो सहज टाळता आला असता. पण कायद्याने तो बेकायदेशीर ठरत नाही, म्हणून तक्रार करत बसण्यापेक्षा अर्जदाराने पुढचे पाहावे. साडेचार वर्षे झाली असतील तर कार्यालयाला लेखी विनंती करून अर्ज ५ वर्षे पूर्ण होईपर्यंत तसाच ठेवायला सांगावा. साडेतीनच झाली असतील तर स्वतःहून मागे घेणे स्वस्त पडते. फेटाळला गेला तर शुल्कही जाते आणि फाइलीत नकारही राहतो.

आणि ३ वर्षांची वाट सगळ्यांसाठी बंद झालेली नाही. ज्यांचा जोडीदार जर्मन नागरिक आहे त्यांच्यासाठी जर्मन नागरिकत्व कायद्याचे कलम ९ आहे: जर्मनीत ३ वर्षे वास्तव्य आणि लग्नाला २ वर्षे. २०२५च्या कायद्याने त्याला हात लावलेला नाही. घरातल्या एकाला आधी नागरिकत्व मिळाले की दुसऱ्याने हे कलम जरूर पाहावे.

आता ५ वर्षे मोजायची कशी. वास्तव्य कायदेशीर आणि सलग हवे. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे साधारणपणे धरली जातात, म्हणजे मास्टर्सची २ आणि नोकरीची ३ अशी ५ होऊ शकतात. परदेशात एका वेळी ६ महिन्यांपर्यंत राहिलात तर सलगता तुटत नाही. त्याहून जास्त काळ घरी राहायचे झाले, आईवडिलांच्या आजारपणात असे होते, तर निघण्याआधीच परदेशी नागरिक कार्यालयाकडून परतीची मुदत लेखी घ्यावी.

वर्षे मोजली जाणे आणि अर्जाला पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णयाच्या दिवशी हातात योग्य परवाना लागतो. पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) किंवा ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर प्रश्न नाही, कुशल कामगाराचा परवानाही चालतो. विद्यार्थी परवान्यावर किंवा नोकरी शोधण्याच्या परवान्यावर असताना नागरिकत्व मिळत नाही. पुणे-हिंजवडीच्या आयटी कंपन्यांनी पाठवलेल्यांनी इथे विशेष जपावे: कंपनीअंतर्गत बदलीचे आयसीटी कार्डही चालत नाही, आणि त्या कार्डावरची वर्षे धरायची की नाही यावर कार्यालयांची मते वेगवेगळी असतात. म्हणून जर्मन कंपनीचा करार मिळाला की आधी ब्लू कार्ड घ्यावे. ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी, आणि बी१ (सहा पातळ्यांतली तिसरी) जर्मन असेल तर २१ महिन्यांनीच पीआर मिळते. नागरिकत्वाच्या अर्जाला पीआर सक्तीचे नसले तरी मी ते आधी घ्यायला सांगतो, आणि त्याचे कारण राजकीय आहे. नागरिकत्वाचे नियम उलटसुलट झाले तरी हातातले पीआर राहते, नोकरी गेली म्हणून ते लगेच जात नाही. दुसरे कारण मुलांचे. २७ जून २०२४ पासून आईवडिलांपैकी एकाचे जर्मनीत ५ वर्षे कायदेशीर वास्तव्य असेल तर मूल जन्मतः जर्मन होते, पण त्या पालकाकडे कायमस्वरूपी परवाना हवा. ब्लू कार्ड कायमस्वरूपी नाही. ५ वर्षे झाली, ब्लू कार्ड आहे, पीआर घ्यायचा कंटाळा केला, आणि बाळाला जन्मतः नागरिकत्व मिळाले नाही, अशी उदाहरणे आहेत. बाळंतपणाच्या तारखेआधी पीआर हातात असले पाहिजे. नंतर आले तर उपयोग नाही.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे भारतातला जन्मदाखला. अपोस्टील म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का; भारत त्या करारात आहे, पण भारताच्या सहभागावर जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे मंत्रालयातून आणि दिल्लीतून शिक्के मारून आणलेले अपोस्टील जर्मनीवर बंधनकारक नाही. काही कार्यालये ते तरीही ठेवून घेतात, काही फक्त अधिकृत भाषांतर मागतात, आणि काही जर्मन दूतावासामार्फत पडताळणी करायला सांगतात. त्या पडताळणीत भारतातला वकील प्रत्यक्ष नोंदणी कार्यालयात जाऊन रजिस्टर पाहतो. त्याचा खर्च अर्जदाराने द्यायचा असतो आणि त्यात महिने जातात. म्हणून अपोस्टीलवर पैसे घालण्याआधी आपल्या कार्यालयाला ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. भाषांतर जर्मनीतल्या न्यायालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. गावाकडच्या ग्रामपंचायतीचा जुना, हाताने लिहिलेला दाखला असेल तर नवा मराठी-इंग्रजी छापील दाखला काढून घ्यावा. त्यावरचे शिक्के वाचता येतात आणि भाषांतरही सोपे होते.

नावाचा घोळ हा तर आपला खास. महाराष्ट्रात मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. पासपोर्टमध्ये ते पहिल्या नावाच्या रकान्यात जाते, आणि जर्मन कार्यालय ते तुमचेच दुसरे नाव समजते. जन्मदाखल्यावर फक्त बाळाचे नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे. अशी चार रूपे फाइलीत एकत्र आली की ओळख सिद्ध झाली नाही असा शेरा पडतो. ओळख पक्की असणे ही कायद्यातली स्वतंत्र अट आहे, सवलत नाही. यावर उपाय म्हणजे सगळी रूपे एका पानावर, कोणते कोणत्या कागदावर आहे ते लिहून, फाइलीच्या सुरुवातीलाच लावणे, आणि सोबत लग्नाचा दाखला व नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद जोडणे. अधिकाऱ्याने विचारण्याआधीच उत्तर दिले की पत्रव्यवहाराची एक फेरी वाचते. नागरिकत्व मिळाल्यानंतर नोंदणी कार्यालयात जाऊन नावांची रचना जर्मन पद्धतीने ठरवता येते, मधले नाव गाळताही येते. पण भारतातल्या मालमत्तेचे, बँकेचे, पॅनचे कागद जुन्या नावाने आहेत हे ध्यानात ठेवूनच तो निर्णय घ्यावा.

भाषेसाठी बी१ लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनातून घेतलेले प्रमाणपत्र चालते. ते फार जुने असेल तर अधिकारी समोर बसवून बोलून पाहतो, आणि तिथे अडखळलात तर नवी परीक्षा द्यायला सांगू शकतो. जर्मन माध्यमातली पदवी असेल तर वेगळी परीक्षा लागत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सने मात्र भाषेची अट पूर्ण होत नाही. नागरिकत्वाची चाचणी सोपी आहे: ३३ प्रश्न, ६० मिनिटे, १७ बरोबर आले की उत्तीर्ण, शुल्क २५ युरो. ३१० प्रश्नांचा संच आधीच प्रसिद्ध असतो, त्यातले १० तुमच्या राज्याचे, आणि परीक्षेत त्या दहांतले ३ येतात. अडचण परीक्षेची नाही, तारखेची असते. लोकशिक्षण केंद्रांत जागा मिळायला आठवडे जातात आणि निकाल पोस्टाने यायला आणखी आठवडे. या प्रमाणपत्राला मुदत नसते, म्हणून वास्तव्याची ५ वर्षे होण्याच्या बऱ्याच आधी, पहिल्या दोन-तीन वर्षांतच ते काढून ठेवावे.

उत्पन्नाच्या अटीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. शोल्झ सरकारने सगळे सोपे केले आणि मेर्त्झ सरकारने सगळे कठीण केले, असे चित्र रंगवले जाते. उदरनिर्वाहाची अट शोल्झ सरकारनेच कडक केली. आधी स्वतःचा दोष नसताना सरकारी निर्वाहभत्ता घ्यावा लागला तर नागरिकत्व अडत नसे. २०२४ पासून ही मुभा गेली आणि मोजकेच अपवाद उरले: पूर्वी जर्मनीने करार करून बोलावलेले परदेशी ‘पाहुणे कामगार’, मागच्या २४ पैकी २० महिने पूर्णवेळ काम केलेले, आणि लहान मूल असलेल्या घरातला अशा कामगाराचा जोडीदार. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला किंवा घरी आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला याचा फटका बसला. आपल्या लोकांनी एवढे समजून घ्यावे की नोकरी गेल्यावर विमा हप्त्यांतून मिळणारा बेरोजगारी भत्ता वेगळा आणि निर्वाहभत्ता वेगळा. पहिला घेतला म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही, पण पुढे उत्पन्न राहील का याचा अंदाज अधिकारी बांधतो. बालभत्ता आणि पालकभत्ता यांनी काही बिघडत नाही. नोकरी नुकतीच बदलली असेल तर पहिल्या ६ महिन्यांच्या परिविक्षाकाळात बरीच कार्यालये फाइल थांबवून ठेवतात. म्हणून निर्णय जवळ आला असताना थोड्या पगारवाढीसाठी कंपनी बदलू नये, असे मी स्पष्ट सांगतो. लागतात ते कागद म्हणजे कामाचा करार, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरी चालू असल्याचे कंपनीचे पत्र, घरभाड्याचा करार आणि निवृत्तिवेतन विम्याचा उतारा. शेवटचा ऑनलाइन मागवता येतो, पोस्टाने घरी येतो.

दंडांचेही पाहावे. ९० दिवसांच्या मिळकतीपर्यंतचा न्यायालयीन दंड सोडून दिला जातो, पण अनेक दंड असतील तर त्यांची बेरीज होते, आणि गुन्ह्यामागे वंशद्वेष असेल तर छोटा दंडही सोडला जात नाही. वेगाने गाडी चालवल्याची साधी पावती यात येत नाही. विनातिकीट प्रवासाचा खटला मात्र येतो. खोटे भाषा प्रमाणपत्र विकणारे लोक आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. फसवून मिळवलेले नागरिकत्व १० वर्षांपर्यंत काढून घेता येते, आणि तो फौजदारी गुन्हाही आहे.

शुल्क प्रत्येक प्रौढास २५५ युरो, सोबतच्या अल्पवयीन मुलास ५१. फाइल गेल्यावर सुरक्षा यंत्रणांकडे आणि गुन्हे नोंदवहीकडे चौकशी होते. या काळात पत्ता, नोकरी, लग्न, बाळाचा जन्म, परवान्याचे नूतनीकरण, यांतले काहीही बदलले तर लेखी कळवावे. शहर बदलले की फाइल दुसऱ्या कार्यालयात जाते आणि तिथल्या रांगेत लागते. बर्लिनने २०२४ पासून सगळे अर्ज एकाच कार्यालयाकडे दिले. इतर बहुतेक राज्यांत अजूनही शहर किंवा जिल्हा पाहतो. म्हणूनच एकच केंद्रीय कायदा असून शेजारच्या दोन गावांत प्रतीक्षेचा काळ वेगळा असतो.

अर्जाला ३ महिने झाले आणि सबळ कारणाशिवाय काहीच हालचाल नसेल तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा लावता येतो. पहिल्या न्यायालयात वकील सक्तीचा नाही. न्यायालयाचे शुल्क आठशे युरोंच्या थोडे वर जाते आणि ते आधी भरावे लागते. विलंबाला योग्य कारण नव्हते असे ठरले तर खर्च कार्यालयावर पडतो. कर्मचारी कमी आहेत हे वर्षानुवर्षे चालू असलेले कारण न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. मात्र फाइल अपुरी असेल तर दावा फसतो. दावा लावण्याआधी कार्यालयाला मुदत देणारे पत्र पाठवावे. पुष्कळदा तेवढ्यानेच फाइल हलते. २०२५च्या मे ते ऑक्टोबर या काळात ३ वर्षांवाल्यांसाठी हाच खरा उपाय होता, कारण नवा कायदा येणार हे दिसत होते. ज्यांची फाइल पूर्ण होती आणि ज्यांनी तेव्हाच धडक मारली, त्यांना वाव होता. ३० ऑक्टोबरनंतर त्या दाव्यात अर्थ उरला नाही. पुढेही असेच होणार आहे: मंत्रिमंडळाने मसुदा मंजूर केला की कायदा लागू होण्यात काही महिने असतात, आणि जे काही करायचे ते त्याच काळात.

प्रमाणपत्र हातात देताना राज्यघटनेशी निष्ठेचे वाक्य मोठ्याने म्हणायचे असते. आधी लेखी प्रतिज्ञाही द्यायची असते आणि २०२४ पासून तिच्यात नाझी राजवटीबद्दलची जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू लोकांच्या जीवनाचे संरक्षण यांचाही उल्लेख आहे. न वाचता सही करू नये. अधिकारी त्यावर प्रश्न विचारू शकतो आणि विचारावा असेच मला वाटते.

प्रमाणपत्र हातात पडले त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केले तरी भारताने केलेले नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ने ते आपोआप जाते. भारतीय पासपोर्टवर त्यानंतर प्रवास केला तर दंड होतो. पासपोर्ट भारतीय दूतावासाकडे जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारे). शेतजमिनीची भीती अनेकांना असते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे जर्मनीत राहत असताना फरक पडत नाही, आणि वारसाने सातबारावर नाव लागणे ओसीआयलाही शक्य आहे. कायमचे परत येऊन शेती घ्यायचा बेत असेल तर मात्र अर्जाआधी गावाकडच्या वकिलाशी बोलावे. मतदानाचा हक्क जातो.

जर्मन पासपोर्टला काही आठवडे लागतात. जादा ३२ युरो भरून तो चार-पाच दिवसांत काढता येतो. ओसीआयला त्याहून जास्त वेळ जातो, आणि दरम्यान भारतात जायचे झाले तर जर्मन पासपोर्टवर व्हिसा काढावा लागतो. त्या अर्जात जुन्या भारतीय पासपोर्टची विचारणा होते, म्हणून सरेंडर सर्टिफिकेट आधी. दिवाळीचे किंवा घरातल्या लग्नाचे तिकीट जर्मन पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट आणि ओसीआय किंवा व्हिसा हे तिन्ही कागद जमल्यावर काढावे.